सोसायटीच्या जिन्यात शिकायचं सामाजिक मानसशास्त्र

तीस-चाळीस बिऱ्हाडांची सहकारी सोसायटी म्हणजे सामाजिक मानसशास्त्राची तयार प्रयोगशाळा. सामायिक पाणी, सामायिक पैसा, सामायिक जिना, वर्षातून एकदा सगळ्यांना प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसवणारी सर्वसाधारण सभा आणि मध्यरात्रीही न झोपणारा व्हॉट्सॲप ग्रुप. विषय नवीन असेल तर पुस्तकाआधी इथून सुरुवात करावी. पुस्तकातले बहुतेक प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजांतले असतात आणि वाचताना ‘हे आपल्याकडे कुठे असतं’ असं वाटत राहतं. असतं, तळमजल्यावरच असतं.

इतर माणसं समोर असताना, किंवा ती बघताहेत एवढी जाणीव असतानाही, माणसाचं वागणं, विचार आणि भावना कशा बदलतात याचा अभ्यास म्हणजे सामाजिक मानसशास्त्र. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये याचं सूत्र मांडलं होतं: वागणं हे माणूस आणि त्याचा परिसर या दोघांच्या मेळातून घडतं. एकच गृहस्थ बँकेच्या रांगेत शांत उभा राहतो आणि लोकलच्या दारात कोपर मारतो. स्वभाव तोच, जागा बदलली. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच धाग्यावर आहेत: आधी जागा बघा, माणसाकडे नंतर या.

तयारी फार नाही. शंभर पानी वही, पेन आणि साधारण सहा आठवडे. ऑगस्टच्या मध्याला सुरुवात केली तर सोयीचं, कारण गणपतीची वर्गणी आणि ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागणारी वार्षिक सभा या दोन्ही गोष्टी बघायला मिळतात. वहीत नाव किंवा फ्लॅट क्रमांक लिहू नका, क-ख-ग अशी अक्षरं वापरा. वही घरात पडून राहते, शेजारी चहाला येतात आणि मग अभ्यासाचं भांडण होतं.

पहिली पायरी: दोन रकाने

पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच लिहायचं, उजवीकडे तुमच्या मनात आलेला निष्कर्ष. ‘क यांची गाडी फाटकासमोर, सकाळी ८.१०, वीस मिनिटं’ हे डावीकडे. ‘माजलेत’ हे उजवीकडे. रोज दोन नोंदी, चौदा दिवस. पंधराव्या दिवशी प्रत्येक निष्कर्षाखाली त्या प्रसंगात दडलेली तीन कारणं लिहा. पहिली दोन पटकन सुचतात, तिसऱ्यासाठी डोकं खाजवावं लागतं. खरा सराव त्या तिसऱ्या कारणाचा.

दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीला कमी मोजतो. याला मूलभूत गुणारोपण-दोष म्हणतात. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी १९६७ मध्ये विद्यार्थ्यांना फिडेल कॅस्ट्रोवरचे निबंध वाचायला दिले. बाजू लेखकाने निवडलेली नाही, त्याला नेमून दिली आहे, असं स्पष्ट सांगितलं तरी कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिणारा मनातूनही थोडा तसाच असणार, असंच वाचणाऱ्यांना वाटलं.

आपल्याकडची एक गोष्ट इथे जोडून घ्या. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या आणि म्हैसूरमधल्या लोकांची तुलना केली, तेव्हा म्हैसूरची प्रौढ माणसं इतरांच्या वागण्याची कारणं परिस्थितीत आणि नातेसंबंधांत जास्त शोधताना दिसली. म्हणजे हा दोष सगळीकडे सारखा नाही. तरीही वहीतला उजवा रकाना भरतोच, कारण परिस्थितीची सवलत आपण बहुधा आपल्याच माणसाला देतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

नवशिके इथे हमखास घसरतात. कारण सापडलं म्हणजे माफी द्यायची, असं ते धरून चालतात. तसं काही नाही. हॅरल्ड केली यांनी सुचवलेले तीन प्रश्न विचारा: या जागी इतरही असंच वागतात का, हा माणूस इथे नेहमीच असं वागतो का, आणि तो इतर ठिकाणीही असाच वागतो का. महिन्याभरात पाच वेगवेगळ्या गाड्या फाटकासमोर सापडल्या तर दोष जागेचा आहे. पिवळा पट्टा मारा, नाहीतर स्कूलबसच्या वेळेचं काहीतरी करा. एकच गाडी पाचदा सापडली तर मात्र मालकाशी बोला, खुशाल दंड लावा.

दुसरी पायरी: सभेत कोण आधी बोलतं ते टिपा

गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते, परत भरते, अध्यक्ष म्हणतात ‘लिफ्टचं काम अमुक कंपनीला द्यावं असं कमिटीचं मत आहे, कोणाची हरकत?’ आणि पुढच्या चाळीस सेकंदांत ठराव मंजूर होतो. सगळे मम म्हणतात. घरी जाताना जिन्यात निम्मे लोक कुरकुरतात.

याच्या मुळाशी असलेला प्रयोग सॉलोमन ॲश यांचा, १९५० च्या दशकातला. सात-आठ जण एका खोलीत, समोर एक रेघ, शेजारी तीन रेघा. त्या एकट्या रेघेइतकी या तिघींतली कोणती, एवढंच सांगायचं. फरक डोळ्याला सहज दिसणारा. पण एक जण सोडून बाकी सगळे ॲश यांचे साथीदार होते, आणि ठरलेल्या फेऱ्यांमध्ये ते एकमुखाने चुकीचं उत्तर देत. बिचाऱ्या खऱ्या सहभागी व्यक्तीची पाळी शेवटी किंवा शेवटून दुसरी. अशा फेऱ्यांमधली सुमारे ३७ टक्के उत्तरं बहुमताच्या मागे गेली. साधारण तीन-चतुर्थांश माणसं निदान एकदा तरी वाकली. चौथाई मात्र एकदाही वाकली नाही, आणि हा आकडा सांगायचा बरेच लोक विसरतात.

सोसायटीच्या कामाचा भाग त्यापुढच्या फेरफारांत आहे. साथीदारांपैकी फक्त एकाने बरोबर उत्तर दिलं तर चुका सुमारे ५ टक्क्यांवर आल्या. त्या एकाने बहुमताहून वेगळं पण चुकीचंच उत्तर दिलं, तरीही सहभागी व्यक्तीला बळ मिळालं. उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला सांगितलं तर वाकणं बरंच घटलं. म्हणजे दाब संख्येपेक्षा एकमताचा असतो. तीन-चार माणसांचं एकमत झालं की पुरे, पुढे माणसं वाढवून दाब फारसा वाढत नाही.

यावरून सभा कशी घ्यायची ते असं. विषय वाचून दाखवला की चर्चेआधी प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी द्या आणि दोन मिनिटं शांतता ठेवा. चिठ्ठीवर छापील ‘हो / नाही / अजून माहिती हवी’ आणि फक्त टिकमार्क. अक्षर लिहायला लावू नका, वीस घरांच्या इमारतीत अक्षर ओळखू येतं. तिसरा पर्याय गाळू नका. तो नसला की गोंधळलेली माणसं ‘हो’वर टिक करतात. चिठ्ठ्या मोजून आकडा फळ्यावर लिहा, मग चर्चा. अध्यक्षांनी आणि सेक्रेटरींनी सगळ्यांत शेवटी बोलायचं. शेवटी हात वर करून रीतसर मतदान घ्या आणि इतिवृत्तात ते नोंदवा. आधीची चिठ्ठी म्हणजे नियमातलं मतदान नव्हे, लोकांना एकमेकांचा कल कळावा एवढ्यासाठी ती असते.

असा कल का कळायला हवा? कारण बऱ्याचदा बहुसंख्यांना ठराव नको असतो, पण प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना तो हवा आहे. सगळीकडे अळीमिळी गुपचिळी. गप्प बसणं म्हणजे संमती, असं प्रत्येक जण दुसऱ्याबद्दल धरून चालतो. स्वतःच्या गप्प बसण्याचं कारण मात्र त्याला नीट माहीत असतं.

तुम्ही सदस्य म्हणून एकटे पडला असाल तर सभेच्या आदल्या दिवशी एक, फक्त एक माणूस गाठा. तुम्ही हरकत घेतल्यावर तीस सेकंदांच्या आत त्याने ‘मलाही हे समजून घ्यायचंय’ एवढंच म्हणायचं. त्याने तुमच्याशी सहमत असण्याचीही गरज नाही.

तिसरी पायरी: ‘कोणीतरी बघा’ हे वाक्य बंद करा

ग्रुपवर ८७ सदस्य आहेत. ‘टाकीतून पाणी वाहतंय, कोणीतरी बघा प्लीज.’ एकेचाळीस निळ्या खुणा, तीन हात जोडलेले इमोजी आणि पाणी वाहतंच.

जॉन डार्ली आणि बिब लताने यांचा १९६८ चा प्रयोग इथे नेमका बसतो. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत होते आणि बोलता बोलता एकाला झटका आल्याचा आवाज ऐकू आला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के मदतीला धावले. आपल्यासोबत आणखी चार जण ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के. त्यांना फिकीर नव्हती असं नाही. हात थरथरत होते, तळवे घामाने भिजले होते. जबाबदारी मात्र मनातल्या मनात पाचांत वाटली गेली होती. त्याच जोडीच्या दुसऱ्या प्रयोगात खोलीत धूर सोडला. एकटा माणूस असेल तर ७५ टक्के वेळा बाहेर जाऊन सांगितलं. शेजारी दोन जण मख्ख बसलेले असतील तर फक्त १० टक्के. मागच्या पायरीतली अळीमिळी इथेही आहे: ‘हे शांत आहेत, म्हणजे काही विशेष नसेल.’

म्हणून संदेश असा लिहा. एक नाव, एक काम, एक वेळ आणि झाल्यावर काय कळवायचं ते. ‘ख काका, वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद कराल का? किल्ली वॉचमनकडे आहे. दहा मिनिटांत जमणार नसेल तर लगेच सांगा, मी ग यांना फोन करते.’ नाव घेतलं की वाटणी थांबते. शेवटचं वाक्यही तितकंच महत्त्वाचं, कारण नुसतं नाव घेतलं आणि तो माणूस नेमका दवाखान्यात असला तर सगळे आता ‘त्याला सांगितलंय ना’ म्हणून निर्धास्त बसतात.

रस्त्यावर अपघात दिसला तरी हीच रीत. ‘कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा’ असं ओरडू नका. ‘निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा. ताई, तुम्ही मागच्या गाड्या थांबवा.’ महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२. पोलिसांच्या झंझटीची भीती आड येत असेल तर हे माहीत असू द्या: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

एक सुधारणाही करून घ्या. या विषयाबरोबर नेहमी सांगितली जाणारी न्यूयॉर्कची १९६४ मधली किटी जेनोव्हीज हिची हकीकत, की ३८ जणांनी खिडकीतून खून पाहिला आणि कोणीच काही केलं नाही, ती तशी घडलेली नाही. वर्तमानपत्राने ती फुगवली होती. नंतरच्या काळात ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाऊनमधल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, तेव्हा दर दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक जण मध्ये पडलेला दिसला. तेव्हा ‘लोक दगड झालेत’ असा निष्कर्ष काढू नका. भांडण उघड दिसतं, धूर संदिग्ध असतो. फरक बराचसा तिथे आहे.

याचंच सौम्य भावंड म्हणजे अंगचोरी. फ्रान्समधले शेती-अभियंते मॅक्स रिंगेलमान यांनी दोर ओढायला लावून दाखवलं की माणसं वाढतात तसा दरडोई जोर कमी होतो (१९१३ मध्ये प्रसिद्ध). काही घट ताळमेळ न जमल्यामुळे असते, पण सगळी नाही. १९७९ मध्ये लताने आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन लावून त्यांना ओरडायला सांगितलं, तेव्हा आपण गटात ओरडतोय असा नुसता समज झाला तरी आवाज उतरला. बिरबलाच्या हौदात प्रत्येकाने दुधाऐवजी पाणीच का ओतलं, याचं हे मोजमाप. स्वच्छतेच्या रविवारी ‘सगळ्यांनी मिळून आवार झाडू’ म्हणू नका. जिना क्रमांक दोन, तिसरा ते पाचवा मजला, दोन माणसं, सकाळी ८ ते ९. वाटा कोणाचा हे दिसलं की अंगचोरी आटोक्यात येते.

चौथी पायरी: सूचनाफलक पुन्हा लिहा

फलकावर आत्ता जे चिकटवलेलं आहे त्याचा फोटो काढा. बहुतेक सोसायट्यांत मजकूर या धर्तीचा सापडेल: ‘अनेक सदस्य ओला-सुका कचरा एकत्र टाकतात. ही अत्यंत लाजिरवाणी बाब आहे!!!’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला. वाचणाऱ्यापर्यंत पोचतं ते एवढंच: अनेक जण एकत्र टाकतात, म्हणजे चालतं.

ॲरिझोनामध्ये अश्मीभूत लाकडाचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. लोक तिथून लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणेचे तुकडे टाकून दोन तऱ्हेच्या पाट्या तपासल्या. ‘आजवर अनेकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाची हानी झाली आहे’ अशा पाटीजवळून सुमारे ८ टक्के तुकडे गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ अशा साध्या पाटीजवळून २ टक्क्यांहूनही कमी. जास्त लोक काय करतात आणि काय करणं योग्य मानलं जातं, हे दोन वेगळे निकष आहेत. रागावलेली पाटी दुसरा सांगायला जाते आणि पहिलाच पक्का करते.

थकबाकीचंही असंच. समजा ६० घरांपैकी २४ जणांची देखभाल रक्कम आलेली नाही. ‘४० टक्के सदस्य थकबाकीदार’ असं लिहिलं की वेळेवर भरणाऱ्या ३६ जणांना आपण भाबडे आहोत असं वाटू लागतं. ‘१० तारखेपर्यंत ६० पैकी ३६ घरांनी रक्कम भरली. खातं क्रमांक खाली दिला आहे’ हेही खरंच आहे. पण भरणारे खरोखर २० च असतील तर बहुसंख्येची बतावणी करू नका. लोक हिशेब बघतात आणि एकदा खोटं पकडलं गेलं की फलक मेला. अशा वेळी आकडा गाळा आणि वाढ सांगा: ‘मागच्या महिन्यात १४, या महिन्यात २०.’

वीज किंवा पाण्याच्या वापराची तुलना छापणार असाल तर एक खाच लक्षात घ्या. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस इथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरोघरी सरासरी वापर कळवला. जास्त वापरणाऱ्यांनी वापर घटवला, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला! सरासरी म्हणजे त्यांना जणू परवाना वाटली. कमी वापरणाऱ्यांच्या पत्रावर हाताने हसरा चेहरा काढला, तेव्हा ही उलटी उडी थांबली. कमी पाणी वापरणाऱ्या घराला नुसता आकडा पाठवू नका, पुढे ‘उत्तम, असंच चालू द्या’ लिहा. शाईचा खर्च शून्य.

मोठी गोष्ट मागायची असेल तर लहान गोष्टीपासून सुरू करा. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या घरांच्या अंगणात ‘गाडी सावकाश चालवा’ असा मोठा, बेढब फलक लावू द्याल का, असं विचारलं. १७ टक्के ‘हो’ म्हणाले. दोन आठवडे आधी त्याच विषयाची छोटीशी पाटी ज्यांनी लावून घेतली होती, त्यांच्यात ७६ टक्के. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, हे आपल्याला ठाऊक होतंच. कारण मात्र बघण्यासारखं आहे: छोटा ‘हो’ म्हटल्यावर माणूस स्वतःकडे ‘या कामात असलेला माणूस’ म्हणून बघू लागतो. म्हणून कचऱ्याच्या मोहिमेत पहिल्या आठवड्यात फक्त संपलेल्या बॅटऱ्या आणि जुने सेल एका डब्यात टाकायला सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओला-सुका. पहिली मागणी अगदीच फुटकळ ठेवली किंवा बक्षीस देऊन करून घेतली, तर हा परिणाम पातळ होतो, कारण मग माणूस स्वतःला सांगतो की ‘मी बक्षिसासाठी केलं’.

मधेच एक धोक्याची सूचना: फोनवरचा साहेब

वरच्या पायऱ्यांचा वापर चोरही करतात. पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ करणाऱ्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनमध्ये स्टॅनली मिलग्रम यांचा जवळजवळ अख्खा प्रयोग सापडतो. मिलग्रम यांच्या १९६३ च्या अहवालात ४० पैकी २६ पुरुषांनी करड्या कोटातल्या प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून, समोरच्याला विजेचे झटके बसताहेत असं समजून, ४५० व्होल्टपर्यंत कळा दाबल्या. प्रत्यक्षात झटके बसत नव्हते. एकदम ४५० ला कोणी हात घातला नसता. पायरी १५-१५ व्होल्टची होती. फोनवरही तसंच होतं. आधी नाव सांगा, मग आधारचे शेवटचे चार आकडे, मग कॅमेरा चालू ठेवा, मग दार लावून घ्या, मग ‘पडताळणीसाठी’ रक्कम.

मिलग्रम यांनीच याचा उतारा दाखवला: शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी ४ उरले. त्यामुळेच हे ठग पहिल्यांदा ‘कोणाशी बोलू नका’ म्हणतात. सोसायटीतल्या ज्येष्ठांना लांबलचक व्याख्यान देऊ नका. फोनशेजारी एक कागद चिकटवा: ‘व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. फोन ठेवा. शेजारच्या दारावर टकटक करा. १९३०.’ हा शेवटचा क्रमांक सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवा, रात्री अकरालाही दार उघडायचं.

पाचवी पायरी: ए विंग विरुद्ध बी विंग

हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना अगदी क्षुल्लक कारणावरून, चित्रांच्या आवडीसारख्या, दोन गटांत विभागलं. ओळख नाही, भांडण नाही, स्वतःचा फायदाही नाही. तरी मुलांनी पैशांची वाटणी करताना आपल्या गटाला झुकतं माप दिलं. मग पार्किंग, पाण्याचा दाब आणि ‘भाडेकरू बॅचलर’ असे खरे मुद्दे असतील तर काय होणार.

नुसतं एकत्र आणून भागत नाही. मुझफ्फर शरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या शिबिरात ११-१२ वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले. स्पर्धा लावल्यावर झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं तर अन्नाची फेकाफेक झाली. हळूहळू वळण लागलं ते दोघांनाही लागणाऱ्या आणि एकट्याला न जमणाऱ्या कामांनी. शिबिराचं पाणी बंद पडलं तेव्हा सगळ्यांनी मिळून बिघाड शोधला. सोसायटीत स्नेहभोजनाच्या आधी पाण्याच्या टाक्या धुण्याची मिश्र तुकडी करा: ए विंगचे दोन, बी विंगचे दोन, एक भाडेकरू. क्रिकेटचे सामने ठेवणार असाल तर विंगवार संघ नकोतच, चिठ्ठ्या टाकून संघ पाडा.

सहावी पायरी: अफवेच्या पहिल्या दहा मिनिटांत

या एका विषयात भारताचा वाटा मूळ पायातच आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहार-नेपाळचा मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद यांनी त्यानंतरच्या अफवा गोळा करून अभ्यासल्या. ज्या भागात धक्का जाणवला पण पडझड झाली नव्हती, तिथेही ‘याहून भयंकर येणार आहे’ अशा अफवा जोरात होत्या. लिऑन फेस्टिंगर यांना पुढे याचंच कोडं पडलं: लोक स्वतःला आणखी घाबरवणारं का पसरवतील? घाबरलेला माणूस आपल्या भीतीला शोभेल असं कारण शोधतो, हे उत्तर त्यांच्या १९५७ च्या विसंवादाच्या सिद्धांताच्या (मनातल्या दोन गोष्टी जुळेनाशा झाल्या की माणूस त्या जुळवून घ्यायला बघतो) उगमाशी आहे.

याचं भीषण रूप महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती.

ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी १९४७ मध्ये म्हटलं होतं की अफवेचा जोर विषयाचं महत्त्व आणि संदिग्धता यांच्या गुणाकाराइतका असतो. मुलांच्या सुरक्षेचं महत्त्व कमी करता येणार नाही. संदिग्धता कमी करता येते. ग्रुपवर असा संदेश आला की ‘फेक आहे, पसरवू नका’ एवढं लिहून थांबू नका. त्याने पोकळी तशीच राहते. खरी माहिती आधी लिहा, मग ती कुठून मिळाली, मग आता काय करायचं: ‘पोलीस ठाण्यात आत्ता फोन केला. आपल्या भागात अशी तक्रार नाही. फाटकावर कोणी अनोळखी दिसलं तर ११२ ला फोन करा, स्वतः अडवू नका.’ खोटा मजकूर पुन्हा चिकटवू नका. आणि ज्याने तो पाठवला त्याला चारचौघांत झापू नका. उघड्यावर चूक दाखवली की माणूस तिच्याच बाजूने उभा राहतो. त्याला वैयक्तिक संदेश पाठवा, संदेश स्वतः काढून टाकण्याची वाट मोकळी ठेवा.

कोणत्या प्रयोगावर किती भार टाकायचा

हे शास्त्र तरुण आहे आणि त्याने गेल्या काही वर्षांत मारही खाल्ला आहे. २०१५ मध्ये संशोधकांच्या मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले. सुमारे ३६ टक्क्यांमध्येच परिणाम पुन्हा ठळकपणे मिळाला, आणि सामाजिक मानसशास्त्रात तर जेमतेम चौथाई अभ्यासांत. १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग, ज्यात विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलं होतं, तो पुरावा म्हणून वापरू नका. पहारेकऱ्यांना कठोर व्हायला वरूनच सुचवलं गेलं होतं, असं पुढे आलेल्या कागदपत्रांतून दिसलं. ॲशचा परिणाम मात्र अनेक देशांत पुन्हा मिळाला आहे. समूहप्रधान संस्कृतींत तो जरा जास्तच मिळतो. मिलग्रमच्या आकड्यांपेक्षा त्यातली रचना शिकण्यासारखी. पाय शिरकवण्याची युक्ती, म्हणजे छोट्या ‘हो’वरून मोठा ‘हो’ मिळवणं, नंतरच्या अभ्यासांत १७ वरून ७६ अशी उडी क्वचितच मारते. परिणाम असतो, पण बेताचा.

म्हणून स्वतःच्या इमारतीत मोजून बघा. नवा फलक लावण्याआधी दोन आठवडे रोज सकाळी ओला-सुका एकत्र असलेल्या कचऱ्याच्या पिशव्या मोजा, लावल्यावर दोन आठवडे पुन्हा मोजा. मोजण्याची वेळ आणि मोजणारा माणूस तोच ठेवा. मोजताना कोणाला दिसू नका, कारण कोणीतरी मोजतंय हे कळलं की पिशव्या आपोआप कमी होतात. सणाचा आठवडा टाळा; गौरी-गणपतीत कचरा वाढतो आणि फलक उगीच नापास होतो. शक्य असेल तर नवा मजकूर आधी एकाच विंगमध्ये लावा, दुसरीत जुनाच राहू द्या, आणि महिन्याने अदलाबदल करा. दोन्ही विंगमध्ये एकाच वेळी आकडा उतरला तर श्रेय फलकाचं नाही, बहुधा कचरावाल्याने वेळ बदलली असेल. त्याला विचारा.